कागद हलला पाहिजे

ट्रेनर मॅडमनी प्रत्येकाच्या हातात टिश्यू पेपरचा एकेक तुकडा दिला आणि तो ओठांपुढे वीतभर अंतरावर धरायला सांगितला. मग म्हणाल्या, ‘पेन’ म्हणा. आम्ही बावीस जणांनी ‘पेन’ म्हटलं. एकाचाही कागद हलला नाही. त्यांनी स्वतः म्हणून दाखवलं, तर त्यांच्या हातातला तुकडा कपाळाला लागेल इतका उडाला. पुन्हा ‘पेन’. पुन्हा कागद जागच्या जागी. शेवटी मागच्या रांगेतला साताऱ्याचा एक मुलगा अगदी निरागसपणे म्हणाला, “मॅडम, म्हणजे ‘फेन’ म्हणायचंय का?” वर्ग हसला, मॅडम चिडल्या. पण त्यानं ओठ मिटून, फणसातला फ म्हणतात तसा ‘फेन’ म्हटला आणि त्याचा कागद उडाला.

ही २००५ची गोष्ट, पुण्यातल्या एका कॉल सेंटरमधली. कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही, तेव्हा सगळीकडे हेच चाललं होतं. फोनवर बसवण्याआधी दीड महिना ‘व्हॉइस अँड ॲक्सेंट’चं ट्रेनिंग असायचं आणि त्या दीड महिन्यात आमच्या कानावर सगळ्यात जास्त पडलेला शब्द म्हणजे एमटीआय. मदर टंग इन्फ्लुअन्स. मातृभाषेचा प्रभाव. तो तिथं एखाद्या दुखण्यासारखा उच्चारला जायचा. “हिचा एमटीआय हेवी आहे,” असं माझ्याबद्दल माझ्यासमोरच बोललं गेलं, आणि डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून दाखवल्यावर पेशंट हलवतो तशी मी मान हलवली. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातली मी, मराठी माध्यम, इंग्रजी पाचवीपासून. हेवी असणारच होता.

त्या कागदाचं कोडं मला पुढं बऱ्याच वर्षांनी सुटलं. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचा पी म्हणतो तेव्हा त्याच्यासोबत हवेचा एक झोत सोडतो. टी आणि के म्हणतानाही सोडतो. गंमत अशी की ‘स्पिन’मधल्या पीला तो झोत नसतो, आणि आपण दोन वेगळे पी म्हणतोय याचा त्याला पत्ताही नसतो. त्याच्या लिपीत अक्षर एक, त्याच्या कानात आवाज एक. आपल्याकडे पहिलीतल्या पोरालाही ‘पळ’ आणि ‘फळ’ वेगळे कळतात. त्यामुळे आपण पी पाहिला की मुकाट प म्हणतो, कोरडा. आणि तो कोरडा प इंग्रज कानाला चक्क ब वाटू शकतो. फ्लोअरवर गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी न्यूकॅसलच्या एका आजोबांना रेफरन्स नंबरातला पी सांगत होते आणि ते दर वेळी वाचून दाखवताना बी वाचत होते. तीन वेळा झालं. मग शिकवल्याप्रमाणे ‘पी फॉर पापा’ म्हटलं. त्यांना बहुधा ‘बाबा’ ऐकू आलं असणार, पण त्यांनी समजून घेतलं. मी मात्र म्यूटचं बटण दाबून थोडी हसले आणि थोडी रडले.

आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे. घशाकडून निघायचं आणि ओठांवर यायचं: क, च, ट, त, प. त म्हणताना जीभ दातांना लागते, ट म्हणताना मागं वळून टाळूला. इंग्रजांचा टी या दोन्हींच्या मधे, वरच्या हिरडीच्या उंचवट्यावर. आपली जीभ तिथं जातच नाही असं नाही, ‘आमचा’मधला च म्हणताना ती जवळपास तिथंच टेकते. पण त्या जागेवरचा त-ट आपल्या पाटीवर नाही. मग कान काय करतो, तर नव्या आवाजाला जवळच्या घरात ढकलतो. आपल्या कानानं टीला ट ठरवला आणि टेबल, टिकीट, डॉक्टर झाले. थ आणि द रिकामे राहिले, त्यांच्या घरी ‘थँक्यू’ आणि ‘दॅट’ येऊन बसले. कुणी शिकवलं नाही, कुठं बैठक झाली नाही, तरी सगळ्या देशानं साधारण हीच वाटणी केली.

हे कानातलं घर कधी बांधून होतं, याचं उत्तर वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या दोन संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्यांना जो ऐकूच येत नाही, तोच फरक. पण दहा-बारा महिन्यांच्या बाळांना ऐकवले तेव्हा बहुतेकांना तो फरक कळेनासा झालेला होता. म्हणजे पहिला वाढदिवस व्हायच्या आत, पहिला शब्द फुटायच्या सुमारास, कान ठरवून टाकतो की आपल्या घरात कुठल्या आवाजांना किंमत आहे. जिभेचा नंबर नंतर. आणि हेल तर त्याच्याही आधीचा. जर्मन आणि फ्रेंच नवजात बाळांचं रडणं मोजलेलं एक संशोधन २००९ साली आलं, त्यात फ्रेंच बाळं चढत्या सुरात आणि जर्मन बाळं उतरत्या सुरात जास्त रडत होती. बाळ पोटातच आईचा हेल ऐकून येतं. आमच्या मॅडम दीड महिन्यात जे पुसायला निघाल्या होत्या ते इतकं जुनं होतं.

मॅडम दिल्लीच्या. वाईट नव्हत्या, त्यांनाही टार्गेट होतंच. मराठी पोरांच्या बाबतीत एक गोष्ट त्यांना कधीच उमगली नाही. आम्ही ‘झू’ आणि ‘झोन’ त्यांच्या मनासारखं म्हणायचो, पण ‘झीरो’ आला की घसरायचो. ‘झेड’ला तर हमखास. “एका शब्दात झेड येतो आणि दुसऱ्यात कसा येत नाही?” असं त्या वैतागून विचारायच्या, आणि आमच्याकडे उत्तर नसायचं. मला ते एका रात्री घरी परतताना कॅबमध्ये सापडलं. ड्रायव्हर फोनवर कुणाशी तरी भांडत होता, “माझा काय संबंध? माझी गाडी...” माझा, माझी. अक्षर एकच, आवाज दोन. पुढं आ, ऊ, ओ असला की जीभ पुढं राहते; ई किंवा ए आला की झ टाळूवर सरकतो. आमचा, आमची, आमचे यांतही तेच. आपण सगळे दिवसभर हा नियम पाळतो आणि शाळेत कुणी तो सांगितलेला नसतो. ‘झू’ माझाच्या रांगेत बसतो, ‘झीरो’ माझीच्या. चूक कसली, उलट आम्ही मराठीचं व्याकरण काटेकोरपणे इंग्रजीला लावत होतो. मी हे दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “व्हेरी इंटरेस्टिंग. नाऊ से झीरो.”

व्हीचंही तसंच. हिंदीवाले ‘वी’ लिहितात, आपण ‘व्ही’. कारण जिव्हाळा, नव्हतं, म्हण, न्हावी असे हकारमिश्रित आवाज आपल्या तोंडात आधीपासून आहेत. मराठी माणसाचा ‘व्हिडिओ’ त्या व्ह-वरून लांबूनही ओळखू येतो. आमच्या बॅचमधल्या बंगाली मुलीकडे व नव्हताच, ती ‘भेरी गुड’ म्हणायची. गुजराती मित्राच्या बोलण्यात ‘स्नॅक्स’ मागवलेत की ‘स्नेक्स’, हे प्रसंगावरून ओळखावं लागायचं. कानपूरचा मुलगा ‘इस्कूल’, लुधियान्याचा ‘सकूल’. दोघांनाही सुरुवातीचं जोडाक्षर नको होतं. एकानं दाराबाहेर पायरी बांधली, दुसऱ्यानं भिंतीला खिडकी पाडली. प्रत्येकाच्या पानावर मॅडम लाल पेननं एमटीआय लिहायच्या.

एकाच हॉलमध्ये दोन प्रोसेस होत्या. डावीकडच्या रांगा अमेरिकेच्या, उजवीकडच्या ब्रिटनच्या. डावीकडच्यांनी ‘कार’मधला र जीभ वळवून चघळायचा, उजवीकडच्यांनी तोच र गिळून टाकायचा. मधल्या वाटेनं चहाला जाताना दोन्हीकडचा सराव एकदम ऐकू यायचा आणि वाटायचं, या बिचाऱ्या र-नं नक्की कुणाचं काय बिघडवलंय? मुळात इंग्लंडमध्येही तो पूर्वी ठणठणीत उच्चारला जायचा. दक्षिणेकडच्या लोकांनी अठराव्या शतकाच्या सुमारास तो सोडायला सुरुवात केली. स्कॉटलंडनं, आयर्लंडनं, बहुतेक अमेरिकेनं आणि आपण तो ठेवला. म्हणजे या एका बाबतीत लंडनच्या साहेबापेक्षा माझे मूर्तिजापूरचे इंग्रजीचे सर जुन्या वळणाचे होते.

आणि मग हेडफोन चढवला, तर पलीकडे आम्हाला शिकवलेलं इंग्रजी बोलणारं कुणीच नाही! न्यूकॅसल, लिव्हरपूल, ग्लासगो, बेलफास्ट. पहिला महिना मला एमटीआयची नाही, कस्टमरांची भीती वाटायची. बस म्हणजे ‘बुस’, कप म्हणजे ‘कुप’. उत्तर इंग्लंडची ही ‘उ’ची खोड नव्हे, दक्षिणेतल्या लोकांनी सतराव्या शतकात आपला स्वर बदलला आणि उत्तरेतल्यांनी तो बदलायचं कारण पाहिलं नाही. लिव्हरपूलच्या बोलण्यात आयर्लंडचा सूर आहे, कारण १८४०च्या दशकातल्या दुष्काळात जहाजं भरभरून आयरिश माणसं त्या बंदरावर उतरली. साहेबाच्या देशातही बारा कोसांवर भाषा बदलते, किंबहुना आपल्यापेक्षा लवकर बदलत असेल. ज्याला आम्ही ‘न्यूट्रल’ म्हणून गिरवत होतो, ते त्यांच्या महागड्या बोर्डिंग शाळांतल्या पोरांचं बोलणं. डॅनियल जोन्स यांनी १९१७ साली उच्चारांचा कोश काढला तेव्हा नमुना म्हणून तेच घेतलं, आणि पुढं रेडिओनं ते घरोघरी पोचवलं. १९७४ साली पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञांनी अंदाज बांधला की इंग्लंडमधले जेमतेम ३ टक्के लोक तसं बोलतात. उरलेले सत्त्याण्णव टक्के मला फोन करायचे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बीबीसीनं विल्फ्रेड पिकल्स नावाच्या यॉर्कशरच्या माणसाला बातम्या वाचायला बसवलं. तो बातमीपत्राच्या शेवटी उत्तरेकडच्या श्रोत्यांना ‘गुड नाइट’ऐवजी ‘गुड नीट’ म्हणायचा. लोकांनी तक्रारी केल्या. अशा बोलणाऱ्याच्या तोंडची बातमी खरी वाटत नाही म्हणे. बातमी तीच, युद्ध तेच.

एक कॉल मात्र मी विसरणार नाही. बेलफास्टच्या एक बाई. काम संपल्यावर गप्पांत म्हणाल्या, रात्री टीव्हीवर ‘फिलम’ बघणार आहे. फिलम! ल आणि म यांच्यामध्ये छोटासा अ. मला एकदम आमच्या गावचा टुरिंग टॉकीजचा तंबू आठवला आणि “फिलम चांगली हाये काय?” विचारणारे बाबा आठवले. आयरिश भाषेला ‘ल्म’ असा जोड एका झटक्यात म्हणायला जड जातो, म्हणून मधे स्वर घुसतो. तीच सवय त्यांनी इंग्रजीत आणली. आपण धर्मचं धरम, जन्मचं जलम करतो ते याच चालीनं. आणि या प्रकाराला जगभरचे भाषाशास्त्रज्ञ काय म्हणतात, तर स्वरभक्ती. आपल्या जुन्या वैयाकरणांचा शब्द, बेलफास्टच्या बाईंच्या ‘फिलम’ला लावलेला. बाबांच्या ‘फिलम’ला मात्र आमच्याकडे अडाणीपणा म्हणत होते. आणि म्हणणाऱ्यांत मीही होते.

हे इथं लिहून टाकते. बाबा एस.टी.ला ‘यष्टी’ म्हणायचे. अकरावीला पुण्याच्या होस्टेलवर आल्यावर मी मैत्रिणींपुढं त्याची नक्कल करून हशा मिळवायची. वास्तविक त्यातही काही चुकलेलं नाही. आमच्याकडे शब्दाच्या सुरुवातीचा ए मोकळा राहत नाही, एक म्हणजे ‘येक’, मग एस.टी. म्हणजे यष्टी. तमीळ माणूस एमला ‘यम’ म्हणतो तेच हे. पण मला ती नक्कल करायची गरज होती. कारण पहिल्या आठवड्यात मेसमध्ये मी “मले पानी दे” म्हटलं होतं, आणि चार टेबलं एकदम वळली होती. कुणी वाईट वागलं नाही. फक्त हसल्या. पुढं कित्येक दिवस जग उचलताना कुणीतरी हमखास म्हणायचं, “हिले पानी दे गं.” दोन महिन्यांत मी ‘मला’ आणि ‘पाणी’ पक्कं केलं. इंग्रजीच्या ट्रेनिंगला दीड महिना लागला, याला दोन, आणि शिकवायला कुणी नव्हतं. दिवाळीत घरी गेले आणि “माय, पाणी दे गं” म्हणाले. मायनं तांब्या पुढं केला आणि म्हणाली, “मोठी पुन्याची झाली वं तू.” हसत म्हणाली की कशी, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

तेव्हा मातृभाषेचा प्रभाव पुसण्याचा माझा पहिला अनुभव मातृभाषेतलाच. म्हणून कॉल सेंटरमध्ये मला इतरांइतका राग आला नसावा. सवय होती.

माझ्या भावाचं उलटं झालं. दादा इंजिनीअर होऊन पुण्यात सहा वर्षं होता, तोवर छान पुणेरी बोलायचा. २०१४ला उत्तर इंग्लंडमधल्या लीड्सला गेला आणि तिथं त्याची वऱ्हाडी परत आली, दुप्पट होऊन. फोनवर ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ असं सुरू. मराठी मंडळातल्या पुण्या-मुंबईच्या लोकांसमोर तर मुद्दाम. मला हे नाटक वाटायचं, पण मग विल्यम लॅबॉव्ह या अमेरिकन संशोधकाचं एक काम वाचनात आलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावर गेले होते. मासेमारीची परंपरा असलेलं छोटं बेट, उन्हाळ्यात शहरी पाहुण्यांनी तुडुंब भरणारं. तिथल्या लोकांचा ‘राइट’ आणि ‘हाउस’मधला स्वर मुख्य भूमीपेक्षा वेगळा होता, आणि तो पुसट व्हायचा सोडून वाढत चालला होता. सगळ्यात ठसठशीत कुणाच्या तोंडी? म्हाताऱ्यांपेक्षा तिशी-चाळिशीतल्या कोळ्यांच्या, आणि ज्या तरुणांनी बेट सोडायचं नाही असं ठरवलं होतं त्यांच्या. ज्यांना जायचं होतं त्यांच्या बोलण्यात तो कमी. दादाला हे सांगितलं, तर म्हणाला, “म्हंजे मी मासे धरनारा हाव काय?”

त्याला मुलगी झाली तेव्हा माय रोज व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलायची. “तीट लावली काय? कुठं हाये तीट?” तीट. एकाच इवल्याशा शब्दात त आणि ट. मी मनात महिने मोजत होते: सात, आठ, नऊ. आणि मला ठाऊक होतं की पडद्यावरून काही होत नाही. पॅट्रिशिया कुल यांनी २००३ साली दाखवलंय की नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषेत समोर बसून कुणी खेळलं तर बाळं ते आवाज टिपतात, तेच टीव्हीवर दाखवलं तर अजिबात नाही. मायला हे मी सांगितलं नाही. पण दादाच्या मागं लागून तिचा व्हिसा काढायला लावला. ती सहा महिने राहून आली, दोन वर्षांनी पुन्हा सहा महिने. पहिल्यांदा परत आल्यावर तिचा पहिला प्रश्न, “काय वं, तिथचा बशीचा डायवर मले रोज ‘लुव’ म्हनते. लुव म्हंजे काय?” मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग पदर तोंडाला लावून हसली.

पोरगी आता शाळेत जाते. घरात आईबापांचं मराठी इंग्रजी ऐकत वाढली, पण शाळेच्या पहिल्या वर्षभरात मैत्रिणींसारखी बोलायला लागली. कुप, बुस, लुव. आईबापांचे उच्चार सुधारून थकली बिचारी. गेल्या दिवाळीत सगळे मूर्तिजापूरला आले होते. दुपारी ओसरीवर बसलो असताना मला ते टिश्यू पेपर आठवले. टिश्यू नव्हता, फटाक्याच्या पाकिटाचा पातळ लाल कागद होता. मी तो मायच्या ओठांपुढे धरला.

“पेन म्हण.”

“पेन.” कागद ढिम्म.

पोरीच्या पुढं धरला. “पेन.” कागद फडफडला. तिला भलताच आनंद झाला, पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पेन, पार्क, पिझ्झा. मग दादाला म्हणायला लावलं आणि त्याचा कागद हलेना तेव्हा टाळ्या पिटून म्हणाली, “बाबांचा पेन बेन आहे!”

“आता पाणी म्हण,” मी म्हणाले.

“पानी.”

कागद हलला नाही.

दादा म्हणाला, “तिले ण येत नाही. इंग्रजीत ण नसतेच ना.”

“येत नाही कायले?” माय म्हणाली. “माह्यासारखं बोलते थे.”

मी कागद पुन्हा तिच्या ओठांपुढे धरला, या वेळी आणखी जवळ.

“पानी,” ती म्हणाली.